घोरपडीला कायदा, ऐनाला कुऱ्हाड

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबई-नाशिक महामार्गापासून आत, भिवंडी तालुक्यातील एका गावी मी एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या घरासमोरच्या शेतावर गोदामासाठी जमीन सपाट करण्याचे काम सुरू होते. जेसीबीने सकाळपासून बांधावरची तीन ऐनाची झाडे आडवी केली होती आणि दुपारी त्यांच्या मुळाशी असलेले जुने वारूळ फोडले, तेव्हा आतून एक भली मोठी घोरपड बाहेर पडली. ती थेट शेजारच्या तयार गोदामात शिरली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीमागे दडून बसली. पाहता पाहता पन्नास-साठ माणसे जमली. कोणी म्हणाले, हिचे तेल सांधेदुखीवर उत्तम. कोणी म्हणाले, हात लावू नका, जामीन मिळत नाही. शेवटी सर्पमित्राला बोलावणे गेले, वनखात्याची माणसे आली, घोरपडीला गोणपाटात अलगद घातले गेले, पंचनामा झाला आणि तिला दूर जंगलात सोडण्यासाठी गाडी निघून गेली. कायद्याने जे व्हावयास हवे ते सर्व अगदी व्यवस्थित पार पडले.

त्याच वेळी, त्याच रस्त्याने, ऐनाचे ओंडके भरलेला एक टेम्पोही निघून गेला. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. झाडे तोडण्याच्या परवानगीचा कागद जमलेल्यांपैकी कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सुट्टीनंतर कॉलेज सुरू झाल्यावर हा प्रसंग मी द्वितीय वर्षाच्या वर्गात सांगितला आणि प्रश्न टाकला, की या दोहोंत अधिक मोलाचे काय गेले? वर्ग बहुमताने घोरपडीच्या बाजूने उभा राहिला. ती दुर्मिळ, तिला कायद्याचे संरक्षण, आणि ऐन काय, जंगलात हवे तितके आहेत! एका मुलाने मात्र, जो दिवसा कॉलेज करून रात्री गोदामात हिशेब लिहितो, असे विचारले, "सर, घोरपड तर गेलीच नाही, ती वाचली. मग हिशेबात तिला धरायचं कसं?" त्याचा प्रश्न वरवर पाहता शाब्दिक वाटेल, पण गेले काही महिने तो माझ्या मनातून जात नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा घोळ नवा नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन तो मांडला होता. पाण्यावाचून जगणे अशक्य, तरी पाण्याला किंमत नाही. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी त्याची किंमत अफाट. पुढे शंभरेक वर्षांनी सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताने त्याचा उलगडा झाला. वस्तूची किंमत तिच्या एकूण उपयोगावरून ठरत नाही. आपल्याजवळ ती किती आहे आणि तिचा शेवटचा अंश किती मोलाचा वाटतो, यावरून ठरते. बाजाराचा हा नियम आपण नकळत निसर्गालाही लावून बसलो आहोत. घोरपड हा आपला हिरा आहे आणि ऐन हे आपले पाणी.

आपले कायदेसुद्धा याच तराजूने तोलतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, घोरपडीला स्थान आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि शिक्षा अधिक कडक झाली: घोरपड मारल्यास ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड. आता ऐनाकडे पाहा. खाजगी जमिनीवरील झाडांसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतील सोळा जातींत साग, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस यांच्या बरोबरीने ऐनही आहे. परवानगीवाचून तो तोडता येत नाही. तोडल्यास मूळ कायद्याने ठरविलेला दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंतचा. १९६४ साली हजार रुपये ही शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती. आज गोदामाचा ठेकेदार तेवढे पैसे मजुरांच्या चहापाण्यात घालवितो.

कोणी म्हणेल, यात गैर काय आहे? जे विरळ त्याला अधिक जपावे, जे विपुल त्याला कमी. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. परंतु विपुल म्हणजे काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

ठाणे जिल्ह्यातील ज्याने जंगल थोडेसे जरी पाहिले आहे त्याला ऐन ओळखावयास शिकवावे लागत नाही. त्याची जाड, काळपट साल आडव्या-उभ्या भेगांनी अशी चौकोन-चौकोनात फुटलेली असते की मगरीच्या पाठीची आठवण व्हावी. (घोरपडीची पाठ आणि ऐनाचे खोड एकापाशी एक असले तर एकावरून नजर दुसऱ्यावर सहज घसरते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.) या सालीमुळे वणव्यातही तो टिकून राहतो. अर्जुन, हिरडा, बेहडा, किंजळ हे त्याचे सख्खे भाऊबंद. त्याच्या लाकडाचे खांब आणि तुळया कोकणातील जुन्या घरांत आजही उभ्या आहेत. सालीत कातडे कमावण्याचे द्रव्य असते. सालीची राख पूर्वी चुन्याऐवजी विड्याला लावीत. उन्हाळ्यात काही ऐन बुंध्यात पाणी साठवून ठेवतात. आंध्र प्रदेशात पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात २०२४ च्या मार्चमध्ये वनाधिकाऱ्यांनी सालीला छेद देताच पाण्याची धार उडाली, तिची चित्रे अनेकांनी पाहिली असतील. आणि मागांच्या या शहरात राहून सांगावयासच हवे असे म्हणजे, टसरचा किडा ऐनाच्या पानावर वाढतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागांत ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर हे किडे पाळून लोक कोश काढतात. ज्या भिवंडीत रात्रंदिवस यंत्रमागांवर धागा पळत असतो, तिथल्या बांधावरच्या झाडातूनही धागा निघू शकतो, हे आमच्या मुलांना ठाऊक नसते.

पण ऐनाचे या भागातील खरे नाते भाताशी. पावसाळ्यापूर्वी ऐनाच्या व इतर झाडांच्या फांद्या छाटून, म्हणजे कवळ तोडून, शेण, पालापाचोळा, गवत यांच्यासह ती रोपांच्या जागेवर पसरावयाची, वर मातीचा थर द्यावयाचा आणि भाजावयाचे. यालाच राब म्हणतात. पहिल्या पावसात तिथे टाकलेले भात जोमाने उगवते. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगले राखीव केली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. एका साध्या झाडाच्या फांद्यांवरून सरकारला आयोग बसवावा लागला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असावयास हरकत नव्हती. सरकारच्या लेखी झाड म्हणजे लाकूड, कुणब्याच्या लेखी झाड म्हणजे पुढल्या वर्षीचे भात. यात ध्यानात घेण्याजोगे असे, की फांद्या छाटल्याने ऐन मरत नाही. बुंधा तोडला तरी खोडक्यातून तो पुन्हा फुटतो. शेकडो वर्षे राब होत आला आणि ऐन टिकून राहिला. तो टिकत नाही, जेव्हा मूळच उपटून वर मुरूम आणि काँक्रीट येते.

भिवंडीभोवती गेली काही दशके नेमके हेच घडत आहे. जकातीच्या हद्दीबाहेरची गावे, बंदर आणि मुंबई दोन्ही जवळ, महामार्ग दाराशी. म्हणून राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. जकात गेली, २०१७ साली जीएसटी आला, आणि एकेका राज्यातील लहान कोठारांऐवजी प्रचंड मोठी गोदामे बांधणे कंपन्यांना परवडू लागले. त्यातून हजारो हातांना काम मिळाले. माझे कितीतरी विद्यार्थी त्या पगारावर शिकतात. तेव्हा गोदामांना शिव्या देण्याचा ढोंगीपणा मी करणार नाही. परंतु भाताचे शेत गेले म्हणजे त्याचा बांध गेला, बांध गेला म्हणजे त्यावरचा ऐन, किंजळ, आणि त्यांच्या मुळाशी असलेले वारूळही गेले. भाताचा भाव सातबाराच्या धन्याला मिळाला. बाकीच्यांचा हिशेब कुठल्याच रकान्यात आला नाही.

आता घोरपडीकडे वळू. आपल्याकडची सामान्य घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. भुंगेरे, किडे, गोगलगायी, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी असे तिचे खाणे. म्हणजे शेतकऱ्याच्या शत्रूंपैकी बरेचसे तिच्या पोटात जातात. ती झाडावर चढते, ढोलीत राहते, पावसाळ्यात बिळात वा वारुळात अंडी घालते आणि ती उबून पिल्ले बाहेर यावयास पाच-सहा महिन्यांहूनही अधिक काळ लागतो. एवढा काळ ते वारूळ तसेच राहिले पाहिजे. मराठी माणसाला ती ऐकून माहीत असते ती तानाजीच्या गोष्टीतून. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्याचा कडा यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून चढले, ही कथा इतिहासाच्या कागदात टिकत नाही. पण एक प्राणी लोकांच्या मनात किती घट्ट पकड धरून बसला आहे हे तीवरून कळते. घोरपडे हे आडनाव आहे, ऐनघर आणि ऐनवली ही गावांची नावे आहेत. एकाने घराण्याला नाव दिले, दुसऱ्याने गावांना.

जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने ही घोरपड पूर्वी "चिंता नसलेली" म्हणून नोंदविली होती. आता ती "संकटसमीप" ठरली आहे. कारणे उघड आहेत: मांस, कातडे, तेल आणि एक विचित्र वस्तू, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. पूजासाहित्याच्या दुकानांत आणि अलीकडे संगणकावरील बाजारांत "हाथाजोडी" नावाची एक गोष्ट विकली जाते. जोडलेल्या दोन हातांसारखा तिचा आकार. ती कुठल्या तरी दुर्मिळ वनस्पतीचे मूळ आहे, शेंदूर लावून तिजोरीत ठेवली की धन येते, कोर्टात दावा जिंकता येतो, असे सांगितले जाते. २०१७ साली वन्यजीव-संरक्षण संस्थांनी शोध घेतला, प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि उघड झाले की हे मूळ वगैरे काही नसून नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये आहेत. काही नग तर चक्क प्लॅस्टिकचे निघाले! वनस्पती म्हणून विकले की कायद्याची नजर चुकते आणि गिऱ्हाईकाच्या मनालाही टोचत नाही. जिवंत झाड आपल्या लेखी इतके निरुपद्रवी, इतके बिनमोल, की प्राण्याचा खून लपवावयास त्याचे नाव पुरेसे होते.

यातला अन्याय कोणावर पडतो, तेही पाहावे. रानात ढोलीतून घोरपड काढून खाणारा कातकरी सापडला तर त्याला तीन वर्षांखाली शिक्षा नाही. तो ती खातो कारण त्याच्या जुन्या जगण्याचे, कात पाडण्याचे आणि कोळशाच्या भट्ट्यांचे दिवस गेले आणि पोट राहिले. हाथाजोडी तिजोरीत ठेवणारा शहरी गृहस्थ मात्र आपण एक मूळ विकत घेतले, एवढेच जाणतो. आणि वारुळावरून यंत्र फिरविणारा तर कायद्याने कशातच येत नाही, कारण घोरपड मारण्याचा त्याचा हेतू नसतो.

कायदा निष्फळ आहे असे मात्र नव्हे. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील घुमट या वाद्याचे उदाहरण घ्या. मातीच्या घटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. आरतीला घुमटाचा नाद नसेल तर तिथला गणेशोत्सव सुना वाटे. कातड्यावर बंदी आली तेव्हा परंपरा बुडणार अशी ओरड झाली. नाद तंतोतंत तसा येत नाही, अशी जाणकारांची कुरकुर आजही ऐकू येते. पण कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरावयास सुरुवात केली, वाद्य जगले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पर्याय मिळाला की बंदी जगते. इथे कातड्याला पर्याय होता. वारुळाला आणि ढोलीला पर्याय कोणता?

परदेशातील एका जोडीशी ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. घोरपडीचा सर्वांत मोठा भाऊ म्हणजे इंडोनेशियातील कोमोडो बेटांवरचा राक्षसी सरडा, सुमारे तीन मीटर लांबीचा. त्याच्यासाठी १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९१ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही २०२१ साली त्याला "संकटग्रस्त" ठरवावे लागले. समुद्राची पातळी वाढून येत्या ४५ वर्षांत त्याच्या राहण्याजोगी जागा निदान ३० टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. शिकारी थोपवता येतो, समुद्र थोपवता येत नाही. उलट, ब्रिटनमधील ओक हे अगदी सर्वसामान्य झाड. पण तिथल्या संशोधकांनी बसून हिशेब मांडला, की ओकवर अवलंबून अशा सुमारे २,३०० जाती आहेत आणि त्यांपैकी ३२६ ओकखेरीज अन्यत्र जगतच नाहीत. एका सामान्य झाडाचे खातेपुस्तक असे असते. आपल्या ऐनावर कोण कोण जगते याची यादी आमच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर कोणी लावलेली पाहिली आहे काय?

त्या गावी माझ्या स्नेह्यांच्या शेजारी एक वयस्क शेतकरी राहतात. त्यांच्या बांधावर अजून दोन मोठे ऐन आहेत. मी अर्थशास्त्र शिकवितो हे कळल्यावर त्यांनी मला सरळ विचारले, "ही झाडं ठेवली तर मला काय मिळतं, सांगा. तोडायची म्हटली तर परवानगीसाठी हेलपाटे; ठेवली तर सावलीनं भात मार खातं." आणि पुढे, चहाचा कप खाली ठेवीत त्यांनी हेही सांगितले की बांधावर ऐनाचे नवे रोप उगवले की ते वीतभर असतानाच ते उपटून टाकतात, उद्या मोठे झाले की सरकारचे होईल. त्यांना मी दोष देऊ शकलो नाही. जो कायदा जुने झाड वाचविण्यासाठी झाला, तोच नवे झाड उगवू देत नाही, कारण जिवंत झाडाच्या मालकाला त्याने केवळ बंधन दिले, मोबदला दिला नाही. मेलेल्या झाडाला टेम्पोवाला रोख पैसे देतो.

मग करावे काय? १९६४ च्या कायद्यातील दंड वाढवा, ही सूचना नेहमी पुढे येते. नुसता दंड वाढविला तर रोपे आणखी लवकर उपटली जातील. माझ्या मते आधी नोंद हवी. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकरी आपल्या मोबाइलवरून पिकाबरोबर बांधावरची झाडेही नोंदवू शकतो. ही नोंद त्याच्या गळ्यातील फास न होता त्याच्या नावावरची ठेव झाली पाहिजे. शेतजमीन बिनशेती होताना तिथल्या मोठ्या झाडांची आणि वारुळांची मोजदाद व्हावी, आणि जमीन घेणाऱ्याने त्यांचे मोल त्या गावातच, बांधावर झाड राखणाऱ्यांना, वर्षावर्षाने द्यावे. नागरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले जाऊ लागले. गोदामांची गावे ग्रामपंचायतीत मोडतात, म्हणून तिथला शंभर वर्षांचा ऐन वारसा नाही आणि हद्दीपलीकडच्या शहरातले पन्नास वर्षांचे झाड मात्र वारसा, हा भेद तरी कोणत्या शास्त्रात बसतो? भाव कसा ठरवावयाचा, असे प्रशासनातील मंडळी विचारतील. प्रश्न अवघड आहे खरा; पण विहीर, गोठा, कूपनलिका यांची नुकसानभरपाई ठरविताना तो अवघड वाटत नाही.

माझ्या वर्गातील काही मुलांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावच्या बांधांवरील झाडे मोजण्याचे ठरविले आहे. जात, बुंध्याचा घेर, ढोली आहे की नाही, मुळाशी वारूळ आहे की नाही, आणि जमीन कोणत्या वापराखाली आहे, असे रकाने त्यांनी आखले आहेत. गोदामात हिशेब लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याने शेवटी एक रकाना आणखी जोडला: घोरपड दिसली तर तारीख आणि जागा.